वाजवणाऱ्यांच्या कामाचा हिशोब: गावातल्या वाजंत्र्यांचा इतिहास कसा नोंदवायचा

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाची स्मरणिका उघडा. ग्रामदैवताची कथा असते, सरपंचांची यादी असते, सप्ताहात कुणाकुणाची कीर्तनं झाली तेही असतं. पालखीपुढं हलगी कुणी वाजवली, त्याला काय मिळालं आणि त्याला जेवायला कुठं बसवलं, हे मात्र नसतं. लोककलेवर लिहिणारेही ताल, पेहराव आणि परंपरा यांवर भरभरून लिहितात. वरात रात्री दोनला संपल्यावर वाजवणारा माणूस घरी कसा पोचला, हे फार थोडे विचारतात. वाजवणं ही कला आहेच, पण गावात ते आधी काम होतं. ते काम कधी हक्काचं होतं, कधी मजुरीचं, कधी वेठीचं. ते कसं नोंदवायचं, हे इथं सांगितलं आहे. एक गाव, सात-आठ माणसं आणि साधारण तीन महिने एवढा पसारा धरा. एकट्याला याहून मोठं काम झेपत नाही आणि अर्धवट राहतं.

आधी यादी करा, तीही अंगणात बसून

गावात वाजवणारे कोण, असं विचारलं की लोक दोन नावं सांगून गप्प होतात. म्हणून प्रसंग धरून विचारा. लग्नात कोण वाजवायचं? मयतीला कोण? पोळ्याला वेशीतून बैल निघताना, दवंडी देताना, देवीच्या गोंधळाला, खंडोबाच्या जागरणाला, मोहरमच्या सवाऱ्यांपुढं, सप्ताहात मृदंगावर? प्रत्येक प्रसंगाचा माणूस वेगळा निघतो. हलगी आणि डफडं बहुतेक गावांत मातंग वस्तीकडं असतं. संबळ आणि तुणतुणं गोंधळ्यांकडं, जागरण वाघ्या-मुरळीकडं. देवळातली सनई किंवा नगारा कुठं गुरवाकडं, कुठं दुसऱ्याच घराकडं. ताशा आणि बँड पार्टी चालवणारी घरं कित्येक ठिकाणी मुस्लिम आहेत. धाराशिव भागात देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांचे मेळे असतात आणि त्यांत गाणाऱ्या बायका पुष्कळ. नांदेडला गुरुद्वारात कीर्तन करणारे रागी आणि खुलताबादच्या उरुसातले कव्वाल हेही याच यादीतले. आपल्या डोक्यात ‘लोककलावंत’ म्हणून जे चित्र असतं, त्यापुरती यादी ठेवू नका.

यादीत आणखी दोन रकाने ठेवा. एक, ज्यांनी वाजवणं सोडलं त्यांचा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कित्येक गावांत बौद्ध वस्तीनं गावकीची कामं सोडली. मेलेली जनावरं ओढणं सोडलं, तसं सांगेल तिथं वाजवणंही सोडलं. त्या नकाराला काही ठिकाणी बहिष्कारानं उत्तर मिळालं. वाजवणं सोडणं हाही या इतिहासाचाच भाग आहे, आणि तो वाजवणाऱ्यांच्या यादीत शोधून सापडत नाही. दुसरा रकाना घरातल्या बायकांचा. चामडं कुणी भिजवलं, इसाराचे (आगाऊ मिळालेले) पैसे कुणाच्या हातात आले, माणूस चार दिवस ताफ्याबरोबर गेल्यावर शेळ्या कुणी पाहिल्या? ही माहिती वाजवणाऱ्याकडं नसते, ती त्याच्या बायकोकडं असते.

कधी जायचं

लग्नसराईत जाऊ नका. दाट लग्नतिथीला वाजंत्री दोन दोन गावं करतो आणि तुमच्याशी बोलायला बसला तर त्याचा रोज बुडतो. बीडकडचं वर्ष तर आणखी वेगळं असतं. हलगी वाजवणारी कित्येक माणसं दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. मग जत्रा आणि वैशाखातली लग्नं. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात. आषाढीपासून पोळ्यापर्यंतचा काळ सर्वांत बरा. दिवसा खुरपणी चालू असते, म्हणून संध्याकाळी जा. नवरात्रात गोंधळी आणि आराधी भेटत नाहीत, ते तुळजापूरच्या वाटेवर किंवा आपल्या ठरलेल्या घरांत असतात.

पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग करू नका. कशासाठी आलात, लिहिलेलं कुठं जाणार, नाव घालायचं की नाही, एवढंच बोला. कुणाला दादा, कुणाला मामा, कुणाला मावशी म्हणायचं ते वयाप्रमाणं ठरतंच. पण ज्या माणसाला गावानं आयुष्यभर अरे-तुरे केलं त्याला तुम्ही ‘अहो’ म्हणता की नाही, हे तो पहिल्या वाक्यातच टिपतो. त्याच्या घरी चहा घ्या. न घेण्याचं कारण काहीही असलं, तरी त्याला एकच कारण दिसणार.

पैशाला कोणता शब्द वापरतात ते ऐका

सगळ्यात जास्त इतिहास मोबदल्याच्या शब्दात दडलेला असतो. त्या शब्दाला आपला शब्द घालू नका, ऐकला तसाच लिहा.

बलुतं म्हणजे खळ्यावरचा धान्याचा वाटा, वर्षभराच्या कामापोटी. त्यात भाव ठरवता येत नाही आणि काम नाकारताही येत नाही. हक्क म्हणजे ठरलेल्या घराचं, ठरलेल्या प्रसंगाचं काम आपलंच असणं. गोंधळ्यांची गावं अशी वाटून घेतलेली असतात आणि ती भावाभावांत विभागलीही जातात. सुपारी म्हणजे ठरवून घेतलेलं काम, इसार म्हणजे त्यापोटी आगाऊ दिलेली रक्कम. बिदागी कीर्तनकाराला आणि गायकाला देतात, ती सहसा मागायची नसते. मानधन हा सरकारी आणि संस्थांचा शब्द. ओवाळणी किंवा दौलतजादा म्हणजे बघणाऱ्यानं टाकलेले पैसे. ते कुणाचे, वाजवणाऱ्याचे, नाचणाऱ्या बाईचे की मालकाचे, हा भांडणाचा जुना मुद्दा आहे. तो मुद्दाम विचारा.

उचल हा शब्द वेगळा लिहून ठेवा. तमाशाच्या फडातही उचल आणि ऊसतोडीतही उचलच. हंगामाआधी मालकाकडून रक्कम घ्यायची आणि कामातून फेडायची. फिटली नाही की पुढच्या हंगामाला माणूस त्याच मालकाकडं बांधला जातो. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत एक भाऊ कोयत्यावर (ऊसतोडीला) आणि एक फडात असतो, आणि दोघांच्या हिशोबाची रीत एकच असते.

आणि ‘मान’. गावातल्या मोठ्या घरी विचारलंत तर ऐकायला मिळेल, “पालखीपुढं वाजवायचा मान त्यांचाच होता.” वस्तीत विचारलंत तर कुणी म्हणेल, “मान कसला, नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी दळण बंद.” दोन्ही वाक्यं बोलणाऱ्याच्या घरासकट लिहा, आणि मग एकच प्रश्न विचारा: नाही म्हणता येत होतं का? ज्याला नाही म्हणता येत नव्हतं त्याच्या कामाला ‘मान’ लिहून मोकळं होणं हा खोटेपणा आहे.

सप्ताहातही हेच पाहा. वीणेकऱ्यांचे पहारे सेवा म्हणून असतात. मृदंगाचार्य पाकीट घेऊन येतो. दोघं एकाच मंडपात असतात आणि दोघांच्याही कामाला ‘सेवा’च म्हटलं जातं. शब्द एक असला तरी पैशाची नोंद वेगळी करा.

प्रश्न कामाचे विचारा

“तुम्हाला ही आवड कशी लागली?” या प्रश्नाला वर्तमानपत्री उत्तर मिळतं, कारण तो प्रश्न वर्तमानपत्रीच आहे. त्याऐवजी शेवटचं वाजवलेलं लग्न धरा आणि घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत क्रमानं विचारा. किती वाजता निघालात? गाडी कुणाची? पाणी कधी मिळालं? जेवण पंगतीत की पंगत उठल्यावर? वरात किती तास? बाकी पैसे त्याच रात्री मिळाले की चार खेटे घालावे लागले? मग तसंच पहिलं आठवणारं लग्न घ्या. या दोन दिवसांतला फरक म्हणजे चाळीस वर्षांचा इतिहास, आणि तो सांगणाऱ्याच्या तोंडून आपोआप बाहेर येतो.

वाट्याचा हिशोब समोर बसून कागदावर मांडा. समजा आठ जणांच्या ताफ्याला १२,००० रुपये ठरले. टेंपो २,०००, चहा-नाष्टा ४००, फाटलेलं पान (वाद्यावर मढवलेलं चामडं) बदलायला ६००. उरले ९,०००. म्होरक्याचे दोन वाटे, बाकी सात जणांचा एकेक, म्हणजे नऊ वाटे, वाट्याला १,००० रुपये. माणूस दुपारी दोनला घर सोडून पहाटे चारला परत आला, म्हणजे चौदा तास. तासाला ७१ रुपये पडले. लग्नघरातले लोक “तीन तासांचे बारा हजार” म्हणतात, त्यांच्याजवळ ही आकडेमोड नसते. वाद्याचा वेगळा वाटा धरतात का, नवशिक्याला अर्धा वाटा देतात का, सनईमागं नुसता सूर धरणाऱ्याला काय मिळतं, हे प्रत्येक ताफ्यात निराळं असतं. म्हणून दुसऱ्या ताफ्याचा हिशोब इथं लावू नका.

शरीराचंही विचारा. ऐकू कमी येतं का, खांद्यावर पट्ट्याचा वळ आहे का, दात पडल्यावर सनई सुटली का. कामानं शरीराचं काय केलं हे मजुराला विचारतात, कलावंताला विचारत नाहीत.

वाद्य हातात घेऊन नोंद करा

एक तरी वाद्य जवळून, बनवण्यापासून दुरुस्तीपर्यंत नोंदवा. हलगीचं उदाहरण घ्या. कडं लाकडी आहे की लोखंडी, व्यास किती, उंची किती, वजन किती, हे टेप आणि वजनकाट्यानं मोजा. चामडं कुठून येतं, कोण मढवतं, एका सराईत किती वेळा बदलतं? एका हातात आखूड जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात लवचिक बारीक काडी असते. ती कुठल्या लाकडाची, किती दिवस टिकते?

मग वाजवण्याआधीचं शेकणं पाहा. वाळलेलं पाचट, कडबा किंवा पुठ्ठा पेटवून हलगी ज्वाळेवर फिरवतात. आडवी धरून, एका जागी न थांबवता, मधून मधून बोटानं टिचकी मारून आवाज ऐकत. चामड्यातली ओल जाते, ते ताणतं आणि बोल खणखणीत निघतो. जास्त शेकलं की कडेलगत चीर पडते आणि पान गेलं. पावसाळी हवेत वरात चालू असताना दोन-तीनदा पुन्हा शेकावं लागतं, आणि नेमकं तेव्हा कुणीतरी ओरडतं, “वाजवायचं का बंद केलं?” हा वेळही कामाचाच आहे. घड्याळ लावून मोजा. प्लॅस्टिकच्या पानाला शेकावं लागत नाही, पाऊस लागला तरी चालतं, म्हणून ते झपाट्यानं पसरलं. आवाज मात्र चिरका होतो. चामडं कधी सुटलं आणि प्लॅस्टिक कधी आलं, त्याचं साल मिळवा.

संबळाचं असेल तर दोन भांडी कशाची, कमरेला कशी बांधतात, टोकाला वळलेली काठी कुठल्या बाजूला चालते, हे पाहा. सनई असेल तर ताडाच्या पानाची पत्ती कोण कापून देतं हे विचारा. ती पत्ती देणारा माणूस गेला की सनई मुकी होते.

साल कसं ठरवायचं

“लई जुनं, दादाच्या वेळचं” अशा उत्तरावर थांबू नका. मराठवाड्याला स्वतःच्या खुणा आहेत. पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाचं राज्य भारतात आणणारी सप्टेंबर १९४८ ची कारवाई. बाबासाहेबांचं जाणं, ६ डिसेंबर १९५६. १९७२ चा दुष्काळ आणि खडी फोडायची कामं. १९७८ चा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव आणि त्यानंतरच्या दंगली. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. विद्यापीठाचा नामविस्तार, १४ जानेवारी १९९४. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो २०१६ चा उन्हाळा. लॉकडाऊन, जो २०२० च्या पाडव्याच्याच दिवशी सुरू झाला आणि ती अख्खी लग्नसराई घेऊन गेला. “दुष्काळाच्या आधी की नंतर? तेव्हा थोरला पोरगा चालत होता का?” असं विचारलं की साल दोन-तीन वर्षांच्या आत येतं.

१९४८ च्या आधीचा कागद असेल तर त्यावर बहुधा फसली सन (महसुली वर्ष) असतो. निजामाच्या राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास बदलायचं, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीला ५९० मिळवा आणि पुढच्या महिन्यांना ५९१. फसली १३५७ च्या अखेरीला पोलीस ॲक्शन झाली, हे लक्षात ठेवलं की चूक होत नाही.

रुपयातही घोटाळा होतो. म्हातारी माणसं “लग्नाला सात रुपये मिळायचे” म्हणतात तेव्हा विचारा, हाली की कलदार? निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजी कलदार यांचा भाव ढोबळमानानं सात हालीला सहा कलदार होता, आणि १९५० नंतरही काही वर्षं हाली चालत होता. रकमेचा खरा अर्थ मात्र धान्यात कळतो. त्या पैशात किती पायल्या ज्वारी यायची, हे विचारा. पायली म्हणजे चार शेर, पण माप गावागणिक लहानमोठं असतं. घरात जुनं माप असेल तर ज्वारी भरून किलोत तोलून घ्या. कडबा मिळत असेल तर पेंढ्या की पाचुंदे हे लिहा. पाचुंद्यात पाच पेंढ्या.

कागद कुठं मिळतात

कागद आहेत, फक्त ते ‘संगीत’ या नावाखाली नसतात. यात्रा कमिटीच्या जमाखर्चाच्या वहीत वाजंत्री, तमाशा आणि मंडप असे खर्च वर्षावर्षानं मिळतात. बँडवाल्याकडं सुपारीची वही असते: तारीख, गाव, ठरलेले, इसार, बाकी. ‘बाकी’चा रकाना नीट पाहा, कित्येक रकमा कधीच आलेल्या नसतात. लग्नाच्या जुन्या फोटोत नवरदेवाच्या मागं, कडेला, अर्धा कापलेला बँडवाला असतो. त्याचा गणवेश आणि वाद्य दिसतं, आणि फोटोच्या मागं तारीख असते. आकाशवाणीवर गायलेल्या माणसाकडं करारपत्रं आणि श्रेणीचं पत्र असतं.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला (ता. लोहा) जाणाऱ्या फडातल्या माणसाकडं हंगामाचे कागद विचारा. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लावून जत्रांची बुकिंगं होतात. तिथं तुमच्या गावची कमिटी कुणाला, किती इसार देऊन आली, त्याची पावती गावातच असते.

जमिनीचे कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात. १९५४-५५ चं खासरा पत्रक (शेताची आणि कब्जाची नोंद), त्याआधीचं सेतवार (शेतवार जमिनीची नोंद), इनाम असेल तर मुंतखब (इनाम मंजुरीचा कागद). देवळात वाजवण्याबद्दल दिलेली जमीन खिदमतमाश (सेवेपोटीचं इनाम) म्हणून दाखवलेली असू शकते. हैदराबादचा १९५४ चा इनाम रद्द करण्याचा कायदा देवस्थानच्या इनामांना लागला नाही, त्यामुळं या जमिनींचे वाद आजही चालू असतात. म्हणून एक काळजी घ्या: ओळख पक्की होईपर्यंत जमिनीचा विषय काढू नका. तुम्ही भावकीतल्या कुणाच्या बाजूनं आलात असा समज झाला की सगळी दारं बंद होतात. जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असतात. अंदाजानं वाचू नका, वाचणारा गाठा. त्याहून मागं जायचं तर छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेख कार्यालय आणि हैदराबादचं तेलंगणा राज्य अभिलेखागार.

वहीचा फोटो काढताना फोन पानाला समांतर धरा, बाजूला पट्टी ठेवा, फ्लॅश बंद. वही घरी नेऊ नका, एका रात्रीसाठीही नाही.

रेकॉर्डिंग

बोलणं नोंदवायला फोन पुरतो. विमान मोड लावा, पंखा बंद करा, पत्र्याच्या घरात पाऊस असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी जा. फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवा. फाइल वेव्हमध्ये घ्या. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो धरलं तर तासाला सुमारे ३५० एमबी लागतात. एका बैठकीत तासभर, फार तर सव्वा तास.

वाजवणं नोंदवणं वेगळं. हलगी जवळून घेतली तर फोनचा माइक गच्च भरतो आणि पुढं नुसता फाटका आवाज राहतो, तो नंतर दुरुस्त होत नाही. बारा-पंधरा फूट लांब जा, आपोआप आवाज वाढवणारी सोय बंद करा आणि सर्वांत मोठा ठोका उणे ६ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान राहील असं लावा. आधी अर्धा मिनिट जोरात वाजवून घेऊन हेडफोनवर ऐका. फाइलच्या नावात तारीख, गाव, वाद्य आणि क्रमांक घाला. तीन ठिकाणी प्रती ठेवा, त्यातली एक गावात.

वाजवायला सांगितलंत तर पैसे द्या. एका सुपारीचा जो वाटा पडतो तो, आधी ठरवून. गप्पांसाठी सराईतला दिवस मोडायला लावला असेल तर त्याचाही रोज द्या. कामाचा इतिहास फुकटच्या कामातून लिहायचा नसतो.

नावं, आणि परत देणं

नाव घालायचं की नाही ते सांगणाऱ्यानं ठरवायचं, तेही लिहून झाल्यावर, वाचून दाखवल्यावर. लावणीच्या कलाकेंद्रात काम करणाऱ्या बायकांची नावं, गावं आणि चेहरे त्यांनी स्वतःहून सांगितल्याशिवाय येऊ देऊ नका. पोरं शाळेत असतात, पोरींची लग्नं ठरायची असतात. तिथं बोलायला बाई सोबत न्या. बहिष्काराची किंवा मारहाणीची हकीकत असेल तर गाव ओळखू येणार नाही अशी मांडा, किंवा सांगणारा म्हणेल तोवर बाजूला ठेवा.

मजकुराची एक प्रत मोठ्या अक्षरात छापून द्या. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करताना (२०२४ पासून ही रक्कम सरसकट महिना ५,००० रुपये झाली) इतक्या वर्षांच्या कामाचा पुरावा मागतात. हलगीवाल्याकडं प्रमाणपत्रं नसतात. तुम्ही काढलेले वहीचे, पत्रिकांचे, फोटोंचे तारखेसह प्रिंट तिथं जोडता येतात. म्हणून ते वेगळ्या फायलीत लावून द्या.

वाचून दाखवताना घाई करू नका. सगळा ताफा बसलेला असेल तर उत्तमच. कुणी मध्येच म्हणतं, “तेव्हा दोन वाटे नव्हते, दीडच होता, दोन नंतर झाले.” मग दुसरा साल सांगतो, तिसरा कारण. ते सगळं समासात लिहून घ्या, कोण बोललं त्याच्या नावासकट, आणि पुढच्या खेपेला ते पान नव्यानं उतरवून आणा.